फूल पडलेला डोळा

"डोळ्यात जरा पाणी दाखवा," असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मी जनावरांची चित्रं काढते. कुत्री, मांजरं, गाई, बैल, एकदा तर नवसाचा सोडलेला बोकडसुद्धा. छावणीत राहते, त्यामुळं कुत्र्यांना तोटा नाही. लष्करातल्या कुणाची बदली झाली की सामान बांधायच्या आधी बाई आमच्या दारात हजर. कुत्र्याचं चित्र हवंय, आणि डोळे अगदी भावपूर्ण पाहिजेत. भावपूर्ण म्हणजे काय, तर खालच्या पापणीवर एक टपोरा थेंब. मी सरळ नाही म्हणते. कुत्रं तसं रडत नसतं. त्याला वाईट वाटलं तर वरची पापणी आतल्या कोपऱ्यात जरा उचलली जाते, भुवईच्या जागी कातडीला बारीक घडी पडते आणि बुबुळाखाली पांढऱ्याची एक कोर दिसते. बस्स, एवढंच. ते नीट जमलं तर बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं, आणि नाही जमलं तर बादलीभर थेंब काढूनही काही होत नाही. हे ऐकून काही जणी नाक मुरडून निघून जातात. जाऊ देत.

मला हे कुणी शिकवलं नाही. आमचं घराणं भिक्षुकीचं. आजोबा पंचांग सांगायचे, वडील कचेरीत कारकून झाले, आणि मी कुत्र्या-मांजरांची तोंडं रेखाटत बसते याचं दोघांनाही वाईट वाटायचं. देवादिकांची काढ, म्हणायचे, निदान भिंतीवर लावता येतील. वडील कामाला निघाले आणि वाटेत एका डोळ्यानं अधू असलेलं माणूस दिसलं, तर घरी परत यायचे, पायावर पाणी घ्यायचे, पाच मिनिटं बसायचे आणि मग पुन्हा निघायचे. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं माझीच फजिती झाली ती यामुळं.

शाळेत चित्रकलेचे एक सर होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांना त्यांनीच मला बसवलं, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. पण त्यांचा एक हट्ट होता. गणपतीवाला मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडतो, म्हणून चित्रातसुद्धा डोळे शेवटी काढायचे. मी बरोबर उलटं करते. कोऱ्या कागदावर आधी डोळे. नाक नाही, कान नाही, डोक्याचा आकारसुद्धा नाही, नुसते दोन डोळे माझ्याकडं बघत बसलेले. ते मला ओळखू यायला लागले, तरच पुढचं चित्र. नाहीतर कागद फाडायचा आणि नवा घ्यायचा. अंगावरचे केस काढण्यात आठ दिवस घालवून शेवटी कळावं की जनावर मेलेलंच आहे, हा छळ मी का सोसू?

चुका मीही लई केल्या. सुरुवातीला आमच्या गवळ्याची म्हैस काढली होती. स्वतःवरच खूश होते. गवळी दुधाचं माप तसंच हातात धरून चित्र बघत राहिला आणि म्हणाला, ताई, म्हैस अशी माणसासारखी बघत नाय. मला राग आला. दुसऱ्या दिवशी तणतणत त्याच्या गोठ्यात गेले, म्हशीच्या तोंडाजवळ तोंड नेलं, आणि पाहते तर तिची बाहुली गोल नव्हतीच. आडवी होती, लांबट. मी आयुष्यभर म्हशीचं दूध पीत आले आणि तिच्या डोळ्यात एकदाही नीट बघितलं नव्हतं. तेव्हापासून जनावर समोर बघितल्याशिवाय चित्र काढायचं नाही, असा नियम मी केला. तो नियम ज्या एका वेळी मोडला, त्याचीच ही गोष्ट.

संक्रांत झाली होती. एक गृहस्थ घरी आले. मूळचे पाचोडचे, शेतकरी घरातले, इथं एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बीड बायपासच्या पलीकडं त्यांनी बंगला बांधला होता आणि फाल्गुनात वास्तुशांत होती. वडील जाऊन तीन वर्षं झालेली. आई गावाकडं एकटीच, गुडघे पार गेलेले. तिला आता कायमचं इकडं आणायचं ठरलं होतं. शेत चुलतभावानं करायचं, घराला कुलूप लावायचं, आईनं सगळ्याला मान डोलावली. अडलं ते एका बैलावर. म्हातारा बैल, आता कामाचाही नाही, तोही चुलतभावाच्या गोठ्यात जाणार होता. आईचं म्हणणं होतं की तो माझ्यासोबत आला पाहिजे. बंगल्याच्या फरशीवर बैल कुठं बांधणार? चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. मग म्हणाली, त्याची तसबीर तरी लावा, तोंड रोज दिसलं पाहिजे. एवढं केलंत तर मी येते.

म्हणून ते माझ्याकडं आले होते. हसत हसत सांगत होते, पण घाईत होते. त्यांना आई यायला हवी होती आणि ती या तसबिरीवर अडलेली होती.

त्यांनी मोबाइलवरचे फोटो पाठवले. बारा-पंधरा असतील. जवळजवळ सगळे उजव्या बाजूनं काढलेले. समोरून काढलेला एकच, आणि त्यात डावा डोळा निळसर पांढरा. डोळ्यात फूल पडलं होतं. खोंड असताना बाभळीचा काटा लागला, तेव्हापासून तो डोळा गेला, असं त्यांनी सांगितलं. मग घसा साफ करून म्हणाले, ताई, तेवढा डोळा नीट करून टाका. या डोळ्यासारखाच तो. वास्तुशांतीला सगळे येणार, सासरची मंडळी येणार, गुरुजी येणार. हॉलमध्ये काणा बैल बरा दिसत नाही.

आता खरं तर इथंच मी त्यांना दाराबाहेर काढायला पाहिजे होतं. डोळ्यात थेंब काढ म्हणणाऱ्या बायकांना मी कशी फटकारते ते तुम्ही वाचलंच. पण नाही, मी मूग गिळून गप्प बसले. पैशासाठी नाही. मनात एक जुनी भीती हलली म्हणून. नव्या घरात पाऊल टाकताना समोर एक डोळा नसलेलं जनावर... वडील पायावर पाणी घेताना दिसले मला. शिकली-सवरलेली बाई मी, पन्नाशी ओलांडलेली, आणि आतून तशीच राहिले होते. बरं, म्हणाले मी. पाचोडला जाऊन यायलाही नको, फोटो आहेत की.

कोळसा आणि रंगीत खडू घेऊन बसले. उजवा डोळा झकास जमला. आडवी बाहुली, तिच्याभोवती काळपट तपकिरी रंग, वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडलेली. त्या सावलीनंच डोळा खोल होतो, पण लोक ती काढायला विसरतात आणि मग डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे वटारलेले दिसतात. उजेडाचा ठिपका म्हणून मी पांढरा रंग कधीच लावत नाही, तिथं कागदच कोरा ठेवते. उजवा झाल्यावर पातळ कागदावर तो छापून घेतला, कागद उलटा केला आणि डावीकडं तस्साच उतरवला. शिंप्यानं एका बाहीवरून दुसरी बाही बेतावी तसं. मग तोंड, शिंगं, वशिंडाची सुरुवात, कपाळावरचा भोवरा. सुंदर दिसत होतं. आमचे हे चष्मा वर करून म्हणाले, आता हा हंबरेल. पण मला काहीतरी टोचत होतं. बैलाची मान किंचित डावीकडं वळलेली होती, फोटोत तशीच होती, आणि ती का वळलेली आहे ते चित्रात काही केल्या कळत नव्हतं. डावा कानही उगाच पुढं आलेला वाटायचा. मी दोनदा खोडरबर हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून ते गृहस्थ आईला शहरात घेऊन आले, आणि परत जाताना आमच्याकडं थांबले. त्यांच्या आईला मी मावशी म्हणाले. बुटक्या, काळ्यासावळ्या, नऊवारी नेसलेल्या. पायऱ्या चढताना दर पायरीला थांबत होत्या, पण मुलाचा हात त्यांनी घेतला नाही. मी त्यांना खुर्ची दिली आणि चित्र समोर टेबलावर उभं केलं. पदरानं घाम पुसत त्या पुढं वाकल्या. बराच वेळ बघितलं. मी, खरं सांगते, कौतुकाची वाट बघत होते.

त्या म्हणाल्या, "लई झाक काढलाय, बाई. कुणाचा हाय?"

मुलगा हसला. आई, आपलाच आहे की, नीट बघ, कपाळावरचा भोवरा बघ. त्यांनी भोवरा बघितला. शिंगांवरून हवेतच बोट फिरवलं, एका शिंगाचं टोक कधीकाळी मोडलेलं होतं तिथंही ते थांबलं. मग मान हलवली.

"आपला नाय. ह्यो दोन्हीकडून बघतोय. आपला एकीकडून बघतो, अन् दुसरीकडं त्याला मी लागते."

रागानं नाही म्हणाल्या. शेजारच्याचं वासरू चुकून आपल्या दावणीला आलं तर जसं सांगावं, तसं सांगितलं. मुलगा खजील होऊन समजूत घालायला लागला, की पाहुण्यांसाठी केलंय, आणि दोन डोळ्यांचा दिसला तर काय बिघडलं. त्या ऐकत राहिल्या. उठताना फक्त एवढंच म्हणाल्या, की मग राहू दे बाबा, मी गावाकडंच बरी आहे. कुणी तोंडात मारावी तशी मी उभी होते. त्या बाईनं घर सोडायचं म्हणजे आयुष्यच मागं ठेवायचं, त्याच्या बदल्यात एकच वस्तू मागितली होती, आणि मी तिला भलतंच जनावर काढून दिलं होतं.

रविवारी मी एकटीच एसटीत बसले आणि पाचोडला उतरले. मुलाला विचारलं नाही. बाजाराचा दिवस होता, स्टँडपासून पुढं माणसांतून आणि मोसंबीच्या ढिगांतून वाट काढावी लागली. एका चहावाल्यानं घर दाखवलं. मावशी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, बांधलाय मागं, जाऊन बघा.

मी मागं गेले. कडुलिंबाखाली बैल उभा होता, पांढरा, पण म्हातारपणानं पिवळट झालेला. पाठीचं हाड वर आलेलं. मी वही काढली आणि सरळ डाव्या बाजूनं, फूल पडलेला डोळा नीट दिसावा म्हणून, त्याच्याजवळ गेले. झालं. बैलानं असा हिसका दिला की दाव्याचा खुंटा हलला, शिंग माझ्या कानाजवळून गेलं, वही शेणात आणि मी लिंबाच्या बुंध्याला. मावशी कुठून, कशा त्या गुडघ्यांनी धावत आल्या कुणास ठाऊक. आधी बैलाला शांत केलं, मग माझ्याकडं वळल्या आणि चांगलं फैलावर घेतलं. त्या बाजूनं मुकाट्यानं जायचं नसतं. दिसत नाय त्याला, मग तो भिणार नाय तर काय करणार? आधी आवाज द्यायचा, मग खांद्यावर हात ठेवायचा, मग जवळ जायचं. पोरासोरांना कळतं हे. मी शहाण्यासारखी मान खाली घातली.

मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. दहा पावलं मागं गेल्या, डावीकडून निघाल्या, आणि यायच्या आधीच म्हणाल्या, "व्हय रं, मी हाय." बैलाचा डावा कान त्यांच्याकडं वळला. डोळा नाही, मान नाही, नुसता कान. मावशींचा हात खांद्यावर पडला तसा तो कान सैल पडला आणि बैल रवंथ करायला लागला. मी तिथंच खाली बसले. फोटोतला तो पुढं आलेला कान, ती वळलेली मान, सगळ्याचा उलगडा झाला. कान डोळ्याचं काम करत होता, आणि मान यासाठी वळलेली होती की चांगला डोळा जरा समोर यावा. मी डावा डोळा बरा केला तिथंच सगळं खोटं पडलं होतं. दोन डोळ्यांच्या बैलाला असं उभं राहायचं काही कारणच नव्हतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तिथंच होते. मावशी बोलत होत्या आणि मी काढत होते. काटा लागला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं की बाजारात नेऊन सोडा, ऐबी जनावर दारात नको. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, तयारही झाले होते. पण मावशींनी खोंडाचं दावं धरलं ते सोडलंच नाही. मग मालकांनीच डोकं चालवलं. याला कायम उजवीकडं जुंपायचं ठरवलं, म्हणजे आंधळी बाजू जोडीदाराकडं राहील आणि चांगला डोळा बाहेरच्या अंगाला. जोडीदार त्याला अंगानंच सांगायचा, वळायचं कधी, थांबायचं कधी. तेरा वर्षं तो असा चालला आणि एकदाही नांगराचं तास वाकडं गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी जोडीदार गेला. तेव्हापासून बैल डावीकडं सारखा कान टवकारून उभा राहायला लागला, चारा सोडायला लागला. म्हणून मावशी दुपारची भाकर त्याच्या डाव्या अंगाला बसून खायला लागल्या. त्या दिवशीही तिथंच बसल्या. मलाही बसवलं. ठेचा इतका तिखट होता की माझ्याच डोळ्यातून धारा लागल्या.

फूल काढणं सोपं नाही, आधीच सांगते. लोकांना वाटतं पांढरा गोळा काढला की झालं. नुसता पांढरा ठेवला तर तिथं भोक पडल्यासारखं दिसतं. ते पांढरं नसतंच. ताकाच्या निवळीवर येतो तसा निळसरपणा, कडेला राखाडी, आणि मधूनच आतला तपकिरी रंग अंधूक डोकावतो. उजेडाचा ठिपका त्यावरही पडतो, पण टोकदार नाही, पसरलेला, बोटानं पुसल्यासारखा. आणि पापणी मात्र जिवंत असते, माशी आली की तीही मिटते. मी चार कागद फाडले. पाचव्यावर दोन्ही डोळे उतरले, एक बघणारा, एक ऐकणारा, आणि हात धुवायला जाताना मी त्याच्या उजव्या अंगानं वळसा घालून गेले, कारण ते कागदावर नुसते टांगलेले असतानाच मला वाटलं की आता याच्या डावीकडून जाऊ नये.

मुलगा आठवड्यानं आला. नवं चित्र बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. ताई, आपलं काय ठरलं होतं? मी म्हटलं, ठरलं ते चुकलं. तो आवाज न चढवता, पण हट्टानं बोलत राहिला. लोक काय म्हणतील, गुरुजी काय म्हणतील, त्याच्या सासऱ्यांना असल्या गोष्टी चालत नाहीत. नव्या घरात पहिल्याच दिवशी ऐब असलेलं जनावर. जुनं चित्र द्या, तेच लावतो, आईला हळूहळू सवय होईल.

"दोन डोळ्यांचा बैल हवा असेल तर बाजारात कॅलेंडरं मिळतात," मी म्हणाले. "माझ्या हातून तो जायचा नाही."

आणि पहिलं चित्र कपाटातून काढून त्याच्या देखत उभं फाडलं. मधोमध, दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधून. तो दचकला. मीही दचकले, कारण उजवा डोळा खरंच चांगला झाला होता. पण आता त्याला हवं असलं तरी ते मिळणार नव्हतं, आणि मला भीती वाटली तरी मी ते देऊ शकणार नव्हते. तो निघून गेला. आमचे हे स्वयंपाकघरातून बाहेर आले, एकेक डोळ्याचे ते दोन तुकडे बघितले आणि म्हणाले, तुझ्या वडिलांनी बघितलं असतं तर आज घराबाहेर पडले नसते. मी म्हटलं, पडायला पाहिजे होतं त्यांनी. आणि मग मला इतका संताप आला, त्यांचा, माझा, पायावर घेतलेल्या त्या सगळ्या पाण्याचा. कुणा अधू माणसाला बघून माझे वडील माघारी वळायचे, ते त्या माणसाला दिसत नसेल का? रोज दिसत असेल. त्यावर आमच्या घरात कधी कुणी एक शब्द बोललं नाही, मीसुद्धा नाही.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मावशींचा फोन आला. मुलानं त्यांना गावाहून आणलं होतं, कसं आणलं ते त्यांनी सांगितलं नाही. आवाज बसलेला होता. बैल त्या चुलतभावाच्या गोठ्यात सोडून आल्या होत्या. म्हणाल्या, बाई, तसबीर घेऊन या. मी बोलावतेय, घर माझ्याही मालकीचं आहे.

मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, काच लावायला वेळ नव्हता म्हणून नुसतं पुठ्ठ्यावर चढवलेलं चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळून रिक्षात मांडीवर धरून नेलं. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, आत होमाचा धूर, पाहुण्यांची गर्दी. मुलानं मला पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली, पण चारचौघांत काय बोलणार. मी कुणाला विचारलं नाही. हॉलमधल्या एका खुर्चीवर चित्र टेकवून ठेवलं आणि लुगडं काढलं.

बायका जवळ आल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. मुलाचे सासरे असावेत, पांढरे कपडे घातलेले एक गृहस्थ, ते स्पष्टच म्हणाले की हे आज इथं कशाला. मी त्यांच्याकडं वळून सांगितलं, हे आज इथं असायलाच पाहिजे, हा या घरातला सगळ्यात जुना माणूस आहे. माणूस म्हणाले मी, मुद्दाम म्हणाले. आणि मी खुर्चीशेजारून हलले नाही. गुरुजी होमाजवळून उठून आले, चित्र बघितलं, काही तरी म्हणणार होते.

तेवढ्यात मावशी आतल्या खोलीतून बाहेर आल्या. नवी साडी नेसवली होती त्यांना, ती अंगावर बसत नव्हती. त्यांची खोली हॉलच्या उजव्या हाताला, म्हणजे चित्रातल्या बैलाच्या डाव्या बाजूनंच त्या येत होत्या. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. सगळे त्यांच्याकडं बघत होते. खुर्चीपासून दहा पावलांवर त्या थांबल्या.

"व्हय रं," त्या म्हणाल्या, "मी हाय."

मग जवळ आल्या आणि कागदावर, बैलाच्या खांद्याच्या जागी, हात ठेवला. कोळशानं हात काळा झाला, चित्रही थोडं पुसलं. मी ते नंतर कधीच दुरुस्त केलं नाही. गुरुजी परत होमाजवळ जाऊन बसले. सासरे खिडकीकडं बघायला लागले.

मुलगा आईच्या त्या हाताकडं बघत होता. लहानपणी त्यालाही कुणीतरी तो आवाज द्यायला शिकवलं असणार. शेवटी आत जाऊन तो हातोडी आणि खिळा घेऊन आला आणि आईला विचारलं, कुठं ठोकू. त्यानं दाखवलेली मधली भिंत मावशींना नको होती. त्यांनी बोटानं दुसरी भिंत दाखवली, जिच्या एका अंगाला बाहेरचं दार होतं आणि दुसऱ्या अंगाला त्यांची खोली.

"चांगला डोळा दाराकडं," त्या म्हणाल्या. "आंधळी बाजू माझ्याकडं येऊ द्या."